जुनी स्पोर्ट्स मोटार : कुलपात ठेवायची की रस्त्यावर काढायची?

आमचे एक स्नेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. गेली पंचवीस वर्षे ते आखातात मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवतात. मागच्या सुट्टीत गावी आले तेव्हा त्यांनी आपल्या एका गिऱ्हाइकाची हकिकत सांगितली. त्या गिऱ्हाइकाकडे तीस वर्षांपूर्वीची एक स्पोर्ट्स मोटार आहे. वर्षातून एकदा ती गॅरेजमध्ये येते, पण स्वतःच्या चाकांवर नव्हे, तर झाकलेल्या ट्रेलरवर चढून. तेल बदलायचे, ब्रेक तपासायचे, इंजिन दहा मिनिटे जागच्या जागी चालवायचे आणि मोटार पुन्हा ट्रेलरवर चढवून रवाना करायची. मीटरवरचा आकडा पुढे सरकता कामा नये, अशी मालकाची सक्त ताकीद. आमचे स्नेही म्हणाले, "भाई, आम्ही मिस्त्री माणसे. दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून बघितल्याशिवाय आमचे मन भरत नाही. इथे फिरवायचीच नाही, तर काम बरोबर झाले की नाही हे मला तरी कसे कळावे?"

त्यांचा हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगभर जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा मोठा बाजार उभा राहिला आहे आणि त्या बाजारात हाच वाद रोज चालतो. मोटार जपून ठेवली तर किंमत वाढते, चालवली तर आनंद मिळतो. दोहोंपैकी कशाला महत्त्व द्यायचे?

आमच्या वाचकांपैकी कितीजणांच्या दारात अशी मोटार उभी असेल, हे आम्ही जाणतो. मग हा विषय या पानावर कशासाठी? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की या मोटारींना जिवंत ठेवणारे हात आपल्या कारागिरांसारख्यांचेच आहेत. डेंटर, पेंटर, लेथवाला, सीट शिवणारा, वायरमन, सुटे भाग शोधून देणारा दुकानदार, या सर्वांची रोजीरोटी मोटारीशी जोडलेली आहे, मग ते मुंबईत असोत की आखातात. दुसरे असे की भांडवल वस्तूत अडकवून भाव वाढण्याची वाट बघायची की ते फिरते ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याला केव्हा ना केव्हा पडतोच. स्पोर्ट्स मोटारीच्या बाजारात तो फार स्पष्टपणे दिसतो, इतकेच.

लिलावातले डोळे दिपवणारे आकडे

प्रथम आकडे पाहू. इटलीच्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाची शर्यतीची मोटार तयार केली. अशा मोटारी झाल्या जेमतेम छत्तीस. अमेरिकेत तिची नवी किंमत अठरा हजार डॉलरच्या आसपास होती. त्यातलीच एक ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ३४० कोटी रुपये होते.

याहून मोठा सौदा मे २०२२ मध्ये जर्मनीत झाला. मर्सिडीज कंपनीने १९५५ साली ३०० एसएलआर या शर्यतीच्या मोटारीची बंद टपाची आवृत्ती काढली होती. तशा दोनच मोटारी झाल्या. त्यांपैकी एक कंपनीच्या श्टुटगार्ट येथील संग्रहालयात झालेल्या लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. म्हणजे सुमारे अकराशे कोटी रुपये! आजवर लिलावात कोणत्याही मोटारीला इतकी किंमत आलेली नाही. हा पैसा तरुणांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्याकरिता वापरण्याचे कंपनीने जाहीर केले.

या दुसऱ्या मोटारीची कहाणी आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. जून १९५५ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील शर्यतीत भीषण अपघात झाला आणि ऐंशीपेक्षा जास्त लोक प्राणास मुकले. त्या वर्षाच्या अखेरीस मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतले. त्यामुळे ही बंद टपाची मोटार शर्यतीत धावलीच नाही. मग ती पडून राहिली का? नाही. जिच्यावरून ती आज ओळखली जाते ते कंपनीचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट कामावर जाण्या-येण्यासाठी ती वापरू लागले. आज जिची किंमत अकराशे कोटी होते ती मोटार एके काळी एका नोकरदार माणसाची कचेरीला जाण्याची गाडी होती. तिच्या नावालाच जी किंमत आहे, ती त्या माणसाने ती चालवली म्हणून आहे.

किंमत दोन प्रकारची

या उदाहरणांतून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की जुन्या मोटारीची किंमत एकाच कारणाने वाढत नाही. आमच्या मते तिचे सरळ दोन प्रकार पडतात. एक इतिहासाची किंमत आणि दुसरी कोरेपणाची किंमत.

फेरारी २५० जीटीओ ही पहिल्या प्रकारात मोडते. या मोटारी शर्यतीत धावल्या, आपटल्या, ठोकल्या गेल्या, दुरुस्त होऊन पुन्हा धावल्या. तिचा अॅल्युमिनियमचा पत्रा मोदेना शहरातील स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात कारागिरांनी हातोडीने ठोकून घडवलेला. दोन मोटारी शेजारी उभ्या केल्या तर बारीकसारीक फरक दिसतात. अशा मोटारीला आणखी शे-दोनशे किलोमीटर चालवल्याने तिचे काहीच कमी होत नाही. उलट ती कोणत्या शर्यतीत धावली, कोणी चालवली, याची नोंद जितकी भक्कम तितका भाव जास्त. इंग्लंडमधील पिंक फ्लॉइड या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे ढोलकवादक निक मेसन यांनी १९७० च्या दशकात एक जीटीओ घेतली. आजच्या मानाने ती किंमत क्षुल्लकच म्हणायची. त्यांनी ती शर्यतीत चालवली, घरच्यांनाही चालवू दिली. म्हणून तिची किंमत घटली असे कोणी म्हणत नाही.

इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येण्याची मिल्ले मिलिया ही शर्यत १९२७ ते १९५७ पर्यंत खुल्या रस्त्यांवर होत असे. अपघातांमुळे ती बंद पडली. १९७७ पासून त्याच वाटेवर जुन्या मोटारींची फेरी निघते. ज्या जातीच्या मोटारी त्या मूळ शर्यतीत धावल्या होत्या, त्यांनाच तिच्यात प्रवेश मिळतो. म्हणून तिथे पात्र ठरणाऱ्या मोटारीला बाजारात जादा भाव येतो. हा भाव मोटार चालवण्याच्या हक्काला आहे. इंग्लंडमध्ये गुडवुड येथे १९९८ पासून दरवर्षी जुन्या मोटारींच्या शर्यतींचा मेळा भरतो. तिथे कोट्यवधींच्या मोटारी खरोखर एकमेकींना घासत धावतात.

दुसरा प्रकार कोरेपणाच्या किमतीचा. मॅक्लॅरेन एफ-१ ही इंग्लंडमध्ये १९९२ ते १९९८ या काळात बनलेली मोटार. सगळ्या मिळून १०६ झाल्या. चालकाची बैठक मधोमध, इंजिनाच्या खणाला उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा वर्ख, असा तिचा थाट. यांतली एक ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत २ कोटी डॉलरच्या वर विकली गेली. पंचवीस वर्षांत ती चारशे किलोमीटरही चाललेली नव्हती. मुंबईहून रत्नागिरीला गेली असती तर परत येताना अर्ध्या वाटेतच हा आकडा ओलांडला असता! अशा मोटारीची किंमत ती न चालवल्यामुळे आहे. चालवण्यासाठी किल्ली फिरवली की किंमत ओसरू लागते. मालक तिचा मालक राहत नाही, पहारेकरी होतो.

मिस्टर बीन यांचा हिशेब

आता याच मॅक्लॅरेनचे दुसरे उदाहरण घ्या. मिस्टर बीन म्हणून घराघरात माहीत असलेले इंग्रज अभिनेते रोवन अॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये सहा लाख पौंडांच्या आसपास किंमत देऊन एक एफ-१ घेतली आणि ती मनसोक्त चालवली. दोनदा ठोकलीही. २०११ मधील दुसरा अपघात इतका जबर होता की विमा कंपनीला दुरुस्तीपोटी ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. मोटारीच्या मूळ किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त! तरीही दुरुस्त होऊन आल्यावर त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर काढली. २०१५ मध्ये विकली तेव्हा ती ४१ हजार मैल, म्हणजे ६५ हजार किलोमीटरांपेक्षा जास्त चाललेली होती. किंमत आली सुमारे ८० लाख पौंड.

या दोन विक्रींमध्ये सहा वर्षांचे अंतर आहे, तेव्हा त्यांची थेट तुलना करू नये. कोऱ्या मोटारीला जास्त भाव मिळतो हेही आम्ही नाकारत नाही. पण एकाला अठरा वर्षांचा प्रवास आणि वर दहापटीहून जास्त किंमत मिळाली. दुसऱ्याला नुसती किंमत मिळाली. शहाणा कोण, हे वाचकांनी ठरवावे. दुर्मीळ वस्तू वापरली म्हणून मातीमोल होते, ही समजूत मात्र खरी नाही, इतके यातून निश्चित दिसते.

उभी मोटारही झिजते

कोरेपणाच्या पाठीराख्यांचा एक समज असा की चालवली नाही म्हणजे मोटार जशीच्या तशी राहते. कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, तो मान हलवेल. टाकीतले पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि आतून गंज चढतो. रबराची सिले कोरडी पडून तडकतात व तेल झिरपू लागते. टायर झिजले नाहीत तरी वयाने कडक होतात आणि त्यांना भेगा जातात. क्लचची थाळी गंजून चिकटून बसते. वर सांगितलेल्या मॅक्लॅरेनची पेट्रोलची टाकी रबरी पिशवीसारखी असते. मोटार चालो वा न चालो, ठरावीक वर्षांनी ती बदलावीच लागते.

आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि जुन्या जमान्यातल्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. जुनी मोटार असे पेट्रोल भरून सहा महिने उभी ठेवली, तर ती चालू करण्याचा खर्च चालवण्याच्या खर्चापेक्षा जास्त येईल. यंत्र हे फिरण्यासाठी घडवलेले असते. शिवणयंत्र असो, यंत्रमाग असो की मोटार, बंद ठेवलेले यंत्र आजारी पडते हे आमच्या कारागीर बांधवांना आम्ही सांगायला नको.

चढलेला भाव उतरतोही

दुसरा समज असा की जुन्या मोटारीचा भाव फक्त वरच जातो. याला इतिहासाचा आधार नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाच्या मोटारींचे भाव पेटले. जपानमधून पैसा आला, सट्टेबाज उतरले, ज्यांना मोटारीत काडीचा रस नव्हता तेही रांगेत उभे राहिले. १९८९-९० मध्ये जीटीओचे सौदे एक कोटी तीस-चाळीस लाख डॉलरपर्यंत गेले. पुढे फुगा फुटला. १९९४ च्या सुमारास तशाच मोटारीला पस्तीस लाख डॉलर मिळाले तरी नशीब, अशी गत झाली. म्हणजे रुपयाचे चार आणे. जे चालवण्यासाठी घेऊन बसले होते त्यांनी चालवणे सुरू ठेवले. जे विकण्यासाठी घेऊन बसले होते त्यांच्या हाती ना पैसा आला, ना आनंद.

आणखी एक गोष्ट. माणूस कमावता झाल्यावर तीच मोटार घेतो, जिचे चित्र त्याने लहानपणी भिंतीवर लावलेले असते. त्यामुळे पिढी बदलली की मागणी बदलते. ज्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींचे वेड होते ती पिढी आता मागे पडत आहे. आज पैसा हाती असलेले लोक १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या मोटारी मागतात. उद्या त्यांची मुले काय मागतील, हे आज छातीठोकपणे कोण सांगणार? ज्या मालाचा भाव गिऱ्हाइकाच्या आठवणींवर अवलंबून आहे, तो माल पिढ्यानपिढ्या धरून ठेवण्यात जोखीम आहे.

व्यापाऱ्याच्या वहीत काय उमटते?

आता साधा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एकाने चाळीस लाखांची जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली आणि कुलपात ठेवली. दहा वर्षांनी ती साठ लाखांना गेली. लोक म्हणतील, वीस लाख सुटले. पण जागेचे भाडे, विमा, वर्षाची तपासणी, बॅटरी, तेल, सिले यांचा वर्षाला सव्वा लाख खर्च धरला तर दहा वर्षांचे साडेबारा लाख झाले. विकताना दलाली आणि लिलावाचा खर्च दहा टक्के धरला तर आणखी सहा लाख गेले. उरले दीड लाख. तेही दहा वर्षांत! हेच चाळीस लाख धंद्यात फिरवले असते आणि वर्षाला दहा टक्के सुटले असते, तर चाळीस लाख झाले असते.

दुसऱ्याने तीच मोटार घेतली आणि दर आठवड्याला चालवली. पेट्रोल, टायर, जादा दुरुस्ती यांसाठी वर्षाला आणखी एक लाख गेले. जास्त चालल्यामुळे दहा वर्षांनी साठऐवजी बावन्न लाखच आले. त्यावर दलाली पाच लाख वीस हजार. सगळा हिशेब केला तर त्याला पंधरा लाख सत्तर हजारांचा तोटा दिसतो. पहिल्याच्या तुलनेत हा फरक सतरा लाख वीस हजारांचा, म्हणजे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास.

आनंदाची किंमत ती इतकीच. ती परवडते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण एक निष्कर्ष स्पष्ट आहे. कुलपात ठेवलेली मोटार ही धंद्याच्या मापाने चांगली गुंतवणूक ठरत नाही, आणि वापराच्या मापाने ती वस्तूही राहत नाही. कमवायचे असेल तर पैसा धंद्यात घाला. आनंद हवा असेल तर त्याची किंमत समजून उमजून मोजा. दोन्ही साधण्याच्या नादात बहुतेक जण दोन्ही घालवतात.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

हाच मुद्दा थेट मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. प्रकरण स्पोर्ट्स मोटारीचे नव्हे, पण १९३१ सालच्या जुन्या फोर्ड मोटारीचे होते. मालकाने ती १९८३ मध्ये वीस हजारांना घेतली आणि पुढे एकवीस लाखांना विकली. मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने तिच्या विक्रीवर कर लागत नाही, असे त्याचे म्हणणे. २०२५ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. मोटार वापरता येण्याजोगी असते एवढ्याने ती वैयक्तिक वापराची ठरत नाही, प्रत्यक्ष वापर दाखवावा लागतो, असा त्या निकालाचा आशय. वापराचा पुरावा नव्हता, म्हणून मिळालेला नफा करपात्र ठरला. इंग्लंडमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तिथे लोक या बाजारात हौसेने उतरतात त्याचे हेही एक कारण आहे. आपल्याकडे तसे गृहीत धरून चालणार नाही. घेतलेल्याची पावती, विमा, पेट्रोल-दुरुस्तीची बिले, सगळे कागद जपून ठेवा. हा सल्ला मोटारीपुरताच नाही.

आपल्याकडे दुसरा नियम आहे २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली मोटार विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, पुढच्या पुनर्नोंदणीला पाच हजार. पण अशी नोंद केली की ती मोटार रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावी, असे नियम सांगतो. तेव्हा घेण्याआधीच ठरवा, मोटार चालवायची आहे की दाखवायची. नोंदणी त्याप्रमाणे करा.

दुसऱ्या बाजूचेही ऐकू

जपून ठेवणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्यच नाही असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या जातीच्या मोटारी जगात दोनच उरल्या असतील तर त्या रस्त्यावर काढून ट्रकखाली घालाव्यात, हे शहाणपणाचे नाही. शिवाय कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली एखादी मोटार हा कारागिराचा ग्रंथच असतो. मूळ रंग कोणता होता, शिवण कशी घातली होती, स्क्रू कोणत्या घाटाचा होता, हे तिच्याकडे पाहूनच कळते. तिच्या आधारावर बाकीच्या दहा मोटारी बरोबर दुरुस्त होतात. अशा मोटारी संग्रहालयांनी जपाव्यात, लोकांना पाहू द्याव्यात.

पण हा न्याय हजारोंनी निघालेल्या मोटारींना लावणे हास्यास्पद आहे. १९८९ मध्ये आलेली जपानी माझ्दा एमएक्स-५ घ्या. वजन एक टनापेक्षा कमी, दोन माणसांची जागा, उघडे छत, साधे इंजिन. २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी तयार झाल्या. हिला कुलपात ठेवून कोणी कोट्यधीश होणार नाही. आणि म्हणूनच तिचा मालक सुखी आहे. वळणावर गिअर उतरवताना स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा हाताला कळतो, इंजिनाचा सूर बदललेला कानाला कळतो, आणि साठ-सत्तरच्या वेगातही माणूस आपण काही करतो आहोत असे समजून गाडी हाकतो. आजच्या नव्या मोटारी हिच्याहून वेगवान आहेत, पण त्या चालकाला फारसे काही करू देत नाहीत. जुन्या स्पोर्ट्स मोटारीची खरी मिळकत ही आहे, आणि ती लिलावात विकता येत नाही.

कारागिराचे काय?

शेवटी, ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय हाती घेतला तो. चालणारी मोटार दर महिन्याला कोणाला ना कोणाला काम देते. आज ब्रेक, उद्या कार्ब्युरेटर, परवा सीटची शिवण उसवली, पुढच्या महिन्यात मडगार्डला पोचा आला. मुंबईत चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटा भाग शोधत हिंडणारा माणूस चालत्या मोटारीचाच असतो. कुलपातल्या मोटारीला लागतो तो फक्त पहारेकरी आणि विम्याचा एजंट.

यात निव्वळ मजुरीचा सवाल नाही, हुनराचा आहे. पत्रा हातोडीने ठोकून जुन्या घाटाला आणणारा डेंटर, दोन कार्ब्युरेटरांचा सूर कानाने जुळवणारा मिस्त्री, मिळत नाही तो भाग लेथवर कातून देणारा कारागीर, हे ज्ञान पुस्तकात नाही, हातात आहे. उस्तादाच्या हाताखाली पोरगा दहा वर्षे राहतो तेव्हा ते पुढे जाते. मोटारी चालल्या नाहीत तर पोराला शिकायला काम मिळणार नाही. तीस वर्षांनी त्या कोट्यवधींच्या मोटारी चकचकीत उभ्या असतील, पण त्या चालू करणारा हात उरला नसेल. मग त्या लोखंडाची किंमत कोण आणि कशासाठी देईल? ज्याला मोटारीची किंमत टिकावी असे वाटते, त्यानेच तिला काम देणारे हात टिकवले पाहिजेत. यात त्याचाही स्वार्थ आहे.

आमच्या कारागीर बांधवांनीही एक गोष्ट शिकावी. या बाजारात कागदाला फार मोल आहे. कोणते काम केव्हा केले, कोणता भाग मूळ ठेवला, कोणता बदलला, याचे लेखी टिपण आणि फोटो गिऱ्हाइकाला द्या. मूळ भाग निकामी झाला तरी फेकू नका, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून परत करा. परदेशात अशा टिपणांनी मोटारीचा भाव वाढतो, आणि ज्याच्या नावाचे टिपण असते त्याची मजुरीही वाढते. आपल्याकडे हात उत्तम आहेत, वही लिहिण्याची सवय कमी आहे.

आमचे मत थोडक्यात असे. जी मोटार जगात एखाद-दुसरीच आहे ती जपा. बाकीची घ्यायची तर चालवण्यासाठी घ्या, ऐपतीत घ्या, कागद सांभाळा, चांगल्या मिस्त्रीला धरून राहा. भाव वाढला तर तो वरकड समजा. वाढला नाही तरी तुमचे काही बुडाले नाही, कारण तुम्ही तिची किंमत रस्त्यावर वसूल केलेली असेल.

आमच्या स्नेह्यांना आम्ही जाताना एवढेच सांगितले, पुढच्या वेळी तो ट्रेलर दारात आला की मालकाला शेजारी बसवा, किल्ली त्याच्याच हातात द्या आणि पाच किलोमीटर फिरवून आणा. ते हसून म्हणाले, "तो मीटर बघून रडेल." आम्ही म्हणालो, पहिल्या किलोमीटरला रडेल. पाचव्याला विचारेल, पुढचा रस्ता कुठे जातो?